झोपडीतला दिवा

“पण यात जिंकायचं काय असतं?” दिवाकरांनी पुन्हा विचारलं.

“काही नाही.”

“शत्रू वगैरे?”

“नाहीत.”

“मार्क तरी?”

“नाहीत हो. नुसतं चालायचं. वाटेल तिकडे जायचं.”

“मग खेळायचं कशाला?” असं म्हणून आमच्या यजमानांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते आंघोळीला गेले. त्यांच्यापुरता तो गेम तिथंच संपला.

भुसावळचा एप्रिल होता, साल सत्त्याऐंशी. माझे दीर मुकुंदभावजी बहारीनहून सुट्टीवर आले, तेव्हा कॉम्प्युटर घेऊन आले होते. कॉम्प्युटर म्हणजे काय, पुस्तकाएवढा काळा डबा आणि त्यावर रबरी बटणं. तो टीव्हीला जोडायचा, त्याला कॅसेटप्लेअर जोडायचा आणि कॅसेट लावायची. गेम चालू होण्याआधी ती कॅसेट अशी काही किंचाळायची, की पहिल्या दिवशी शेजारच्या नेहेतेकाकू पिठाच्या हातांनी धावत आल्या होत्या. त्यांना वाटलं, निकुंभांकडे, म्हणजे आमच्याकडे, कुणी भाजलं. भावजी परत गेले आणि तो डबा माझ्या गळ्यात पडला. घरात सायन्स शिकलेली मी एकटीच, एवढंच त्याचं कारण.

डब्याबरोबर बऱ्याच कॅसेटी होत्या. एकीत माकड उड्या मारायचं, एकीत विमानं पाडायची. तीनदा मेलात की खेळ खलास, पुन्हा पहिल्यापासून. छे! तसलं घरात मिळतच होतं की, पोळी करपली, पुन्हा लाट. पण एका कॅसेटीचं लेबल फाटलेलं होतं, तिचं नावही कुणाला कळलं नाही, आणि मी जी चिकटले ती तिलाच. सुरुवातीला पडद्यावर नुसत्या रेघा. एक झोपडी, समोर वाट, लांब डोंगर. आपण कोण, कुठले, कशाला निघालो, काही नाही. कॅसेटीच्या डबीत एक घडी घातलेला इंग्रजी कागद होता. त्यात लिहिलं होतं, की कुठेही जा. कुठेतरी समुद्र आहे. झालं, एवढंच.

मी पहिल्या दिवशी वाट सोडून सरळ रानात घुसले. मला वाटलं, आता भिंत लागेल, किंवा डबा टूं करून ओरडेल, की बाई, इकडे यायचं नाही. पण कुणी काही म्हणेना. डोंगर जवळ आला, मी चढले, तर पलीकडे अजून डोंगर! माझ्या अंगावर काटा आला. अहो, जिथं किराणा आणायला निघालं तरी ‘मी कोपऱ्यापर्यंत जातेय’ असं तीन खोल्यांत सांगून निघावं लागायचं, त्या घरात बसून मी ज्या दिशेला तोंड करीन त्या दिशेला जात होते. मला दुसरं काही नकोच होतं. दुपारी जेवणं आटोपली की दिवाकर ऑफिसात, अण्णा, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर खाटेवर आडवे, आणि मी डोंगरात. चार वाजता चहाचं आधण ठेवायला उठायचं, तोवर.

सासूबाई शेजारी बसून फुलवाती वळायच्या. त्यांचं नाव द्वारका, आम्ही सगळे आई म्हणायचो. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र पोलादी. घरात त्यांचा शब्द शेवटचा. अण्णा जन्मभर रेल्वेत गार्ड होते, आज मनमाड, उद्या बडनेरा, पण आईंनी भुसावळ फारसं सोडलं नव्हतं. घरात दर वर्षी फुकटचे पास यायचे, अलाहाबादपर्यंत जाऊन यावं इतके, आणि डब्यात पडून पडून बाद व्हायचे. “गार्डाची बाई कुठे हिंडायची,” असं त्या म्हणायच्या. “तो कधी येईल सांगता येतं का?”

अण्णा रिटायर झाले, तरी ती सवय गेली नव्हती. अण्णांचा आवाज अजून फलाटावरचाच. कोथिंबीर आणायला निघाले तरी उंबऱ्यात उभं राहून “येतो गं!” अशी आरोळी. आतून आईंचं “या.” आणि मग अण्णा परत येईपर्यंत आई घराबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. नेहेतेकाकूंनी अंगणातून हाक मारली तरी, “हे येतो म्हणून गेलेत. ते आले की येते.” मला हसू यायचं. कोथिंबीर आणायला गेलेल्या माणसाला दार उघडायला एवढं माणूस कशाला लागतं?

तर एके दिवशी वाती वळता वळता आई म्हणाल्या, “त्या डोंगरामागे काय आहे गं?”

“मला काय माहीत? तुम्हीच बघा.”

मी आपली गमतीत बोलले. पण त्यांनी वाती बाजूला ठेवल्या, पदराला हात पुसले आणि डब्यासमोर येऊन बसल्या. मी बघतच राहिले. मिक्सरला हात न लावणारी बाई ही!

“पुढे जायला?”

“हे बटण.”

“आणि वळायला?”

“ही दोन.”

त्यांनी डब्याला नमस्कार केला आणि चालायला लागल्या.

त्यांचं चालणं बघण्यासारखं होतं. गेममध्ये सकाळ व्हायची, दुपार व्हायची, संध्याकाळ व्हायची. सूर्य डोक्यावर आला की आई एखाद्या झाडाखाली थांबायच्या. “चला ना,” मी म्हणायची. “या उन्हाचं कोण चालतं?” असं म्हणून त्या खरोखर बसून राहायच्या, सूर्य कलेपर्यंत. विहीर दिसली की वाकून बघायच्या. पुलापाशी आलं की नदीला किती पाणी आहे ते मला सांगायच्या, जशी काही मला दिसतच नव्हती. आणि तो पूल ओलांडून थोडं पुढे गेलं, की माघारी वळायच्या. रोज. त्याच वाटेने, त्याच विहिरीवरून, झोपडीच्या दारापर्यंत. दारात आल्या की बटणांवरचे हात काढून म्हणायच्या, “हं, झालं आजचं. बंद कर.”

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची आवड. कुणी देवळाला रोज तेवढ्याच प्रदक्षिणा घालतं, तसं.

मे महिन्यात माझं पत्र आलं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून माझी निवड झाली होती. लग्नाआधी दिलेली परीक्षा, मी विसरूनही गेले होते. पण आधी ट्रेनिंग, तेही जबलपूरला, नऊ महिने. ते पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात दोनदा नाचले. आता कळत नाही, एवढी काय ती नोकरी, पण तेव्हा ते पत्र म्हणजे माझं सगळं होतं. एकदा हुकलं की पुन्हा बोलावणं नव्हतं, तसं त्यात लिहिलंच होतं.

रात्री जेवताना मी विषय काढला. दिवाकर म्हणाले, “आई म्हणेल तसं.” अण्णा म्हणाले, “हिला विचारा.” आणि आईंनी ताटातली भाकरी मोडत म्हटलं, “नाही.”

“का पण?”

“दिवेलागणीला घरातली सून घरात नाही, असं या घरात झालेलं नाही.”

“अहो आई, तुम्ही आहात की!”

“मी आहे म्हणून चाललंय. मी नसले की?” त्या म्हणाल्या. “घरी दिवा लावायला माणूस लागतं, कुंदा. बाहेर गेलेला माणूस त्या दिव्याकडे बघून येतो. भाजी घे.”

मी भाजी घेतली. ताट तिथंच भिरकावून द्यावं असं वाटत होतं, पण घेतली. रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले आणि दिवाकरांना म्हणाले, “तुम्हाला तोंड आहे की नाही?” ते म्हणाले, “आईपुढे नाही.” खरं बोलले बिचारे.

नंतरचे काही दिवस घरात माझी भांडी फार वाजत होती. दुपारी मी आमच्या खोलीत जाऊन पडायची. एका दुपारी आई दारात आल्या.

“ते लावतेस का?”

“काय?”

“ते गं. गाव.” त्या त्याला गाव म्हणायच्या.

कॅसेट लावणं त्यांना जमत नव्हतं, त्या आवाजाची धास्ती होती. मी उठले, धुसफुसत कॅसेट लावली, किंचाळणं संपलं, आई बसल्या. झाडाखाली थांबल्या. विहीर. पूल. आणि पुलाच्या पलीकडे थोडं गेल्यावर आकाशात ठिपके दाटायला लागले, संध्याकाळ झाली, आणि आई वळल्या.

माझं डोकंच फिरलं. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. “अहो, पुढे जा ना! रोज काय त्या पुलावरून परत? बघणाऱ्याला वैताग येतो!”

“अगं, दिवा लागला की,” आई म्हणाल्या.

“कुठे दिवा?”

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. लांब, अगदी लांब, झोपडीच्या खिडकीचा एवढासा चौकोन उजळला होता. आजवर त्याच्याकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. अंधार झाला की तो लागायचा, त्यात काय बघायचं?

“मग?” मी म्हटलं.

“मग काय मग? घरी जायला नको?”

मी त्यांच्याकडे बघितलं. बाई थट्टा करत नव्हत्या.  एवढी मोठी मोकळी जमीन समोर पसरलेली, कुठेही जा म्हणणारी, आणि ही बाई रोज दिवेलागणीला घरी परतत होती! दिवा नजरेआड होणार नाही तेवढंच रोज जात होती.

“आई, घरी कोण आहे?”

“असेल की कुणीतरी. दिवा लावतंय ना.”

“कुणी लावत नाही. तो आपोआप लागतो.”

“आपोआप कसा लागेल?”

“तुम्ही कधी आत गेलात का?”

त्या दारापर्यंत यायच्या, पण आत कधी गेल्याच नव्हत्या. दुसऱ्याच्या घरात असं न विचारता कसं जायचं, म्हणून की काय कोण जाणे. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. विहीर आली, वाट आली, झोपडी आली. दारात थोड्या थांबल्या. मग आत गेल्या.

चार भिंती. खिडकीत दिवा. बस्स. माणूस नाही, चूल नाही, खाट नाही.

आई कोपरान् कोपरा फिरून बघत होत्या. एकदा, दोनदा. मला वाटलं हसतील. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला भीतीच वाटली, काही झालं की काय.

“आई? पाणी देऊ?”

“रिकामं आहे गं,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून रिकामं आहे?”

“हो.”

“आणि मी रोज...”

 उठल्या, आत गेल्या आणि वेळ नसताना चहाचं आधण ठेवलं. मी डबा बंद केला. एका गेमसाठी माणूस एवढं का हबकतं, मला काही उलगडेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाचं नाव काढलं नाही. फुलवातीही वळल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्या झाल्या म्हणाल्या, “लाव. आज चहा नको कुणाला.”

झाडाखाली थांबल्या नाहीत. डोक्यावर ऊन, तशाच चालल्या. विहिरीत वाकल्या नाहीत. पुलापलीकडे गेल्या, अंधारून आलं, मागे दिवा लागला असणार, पण आईंनी मान वळवली नाही. पडदा काळा झाला, चांदण्या आल्या. मी श्वास धरून बसले होते. अंधारात काहीसुद्धा झालं नाही. ना भूत, ना वाघ. पुन्हा सकाळ झाली, आणि समोरचा प्रदेश आम्ही दोघींनी कधी बघितलेला नव्हता.

“बाई गं,” आई म्हणाल्या. “रात्रीसुद्धा वाट असते की.”

त्या उठल्याच नाहीत. पाच वाजले. गेममध्ये पुन्हा दिवस मावळला, पुन्हा उगवला. मी दोनदा म्हटलं, “मी जरा कणीक मळते.” “बस इथं,” त्या म्हणाल्या. आमच्या खऱ्या खिडकीबाहेर उजेड उतरायला लागला. ओसरीवर खाट कुरकुरली. अण्णा उठले होते. देवघरात अंधार बघून ते दारात आले.

“अगं, दिवेलागण झाली. दिवा?”

पडद्यावरून नजर न काढता आई म्हणाल्या, “तुम्ही लावा.”

अण्णांना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. “काय?”

“दिवा. तुम्ही लावा. काडेपेटी फळीवर आहे.”

मी तिथं नसते तर बरं झालं असतं, असं मला झालं. लग्न होऊन आल्यापासून या घरात मी अण्णांना पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेताना पाहिलं नव्हतं. अण्णा स्वभावाने गरीब. चिडले नाहीत. पण असे गोंधळले, की ते काडेपेटी घेऊन माझ्याचकडे आले. “तेल कुठं असतं?” मी उठायला लागले, तर आईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. “डाव्या हाताला, बरणीत,” त्या म्हणाल्या. आत दोन काड्या विझल्या, तिसरी पेटली.

तेवढ्यात दिवाकर आले. बापाच्या हातात तेलाची बरणी, आई टीव्हीसमोर, चूल थंड. बूट न काढता ते तसेच उभे राहिले. “आई, काय झालं? बरं नाही का?”

“बरी आहे. समुद्र बघायला चाललेय.”

“आणि जेवायचं?”

“पोहे आहेत डब्यात.”

अण्णा हात पुसत आले, आईंच्या मागे उभे राहिले. पडद्यावर पुन्हा संध्याकाळ होत होती. त्यांनी आपलं हवा हलकी करायला म्हटलं, “आणि बाईसाहेब घरी कधी येणार?”

“तिथं कुणी नाही,” आई म्हणाल्या. “झोपडी रिकामी आहे. दिवा आपोआप लागतो.” त्यांचं बोट बटणावर तसंच दाबलेलं होतं. आवाज नेहमीचाच होता, वाण्याला सामान सांगावं तसा. “दिवाकर रांगायला लागला होता तेव्हाची गोष्ट. तुम्ही सकाळी बडनेऱ्याची गाडी घेऊन गेलात. दुपारी बऱ्हाणपूरहून, माहेरचा निरोप आला. दादाने गाडीच्या ड्रायव्हरकडे सांगून पाठवला होता. आई जायला लागलीय, द्वारकेला आत्ताच्या आत्ता पाठवा.”

अण्णा म्हणाले, “निरोप? कसला निरोप?”

“पिशवी भरली. पास डब्यात होता. दिवाकरला कुंची घातली. आणि बसले.”

“बसलीस? का?”

“तुम्ही येतो म्हणून गेला होतात.”

 दिवाकरांनी माझ्याकडे बघितलं, मला काय माहीत असणार?

“म्हटलं, हे संध्याकाळी येतील, मग विचारून निघू. तुम्ही आला नाहीत. तिकडे पुराने लाइन बंद पडली होती. रात्रभर दिवा ठेवला. बऱ्हाणपूरच्या गाड्या जात होत्या. शिट्टी ऐकू यायची. दुसऱ्या दिवशीही आला नाहीत. मग दुसरा निरोप आला.”

“पण तू तर मला सांगितलंस,” अण्णांचा आवाज चिरकला, “तू सांगितलंस, अचानक गेली!”

“तुम्ही भिजून, दमून आला होतात.”

“अगं, तू जायचं होतंस! बऱ्हाणपूर काय लांब आहे? तासाची वाट! मी कधी अडवलं असतं तुला? सांग ना, कधी अडवलंय?”

“कधीच नाही.”

“मग?”

“तुम्ही येतो म्हणाला होतात,” आई पुन्हा म्हणाल्या.

“अगं, ते... ती म्हणायची पद्धत आहे! सगळेच म्हणतात. जातो कोण म्हणतं? त्याचा अर्थ थोडाच असतो!”

“हो ना,” आई म्हणाल्या. “मला ते परवा कळलं.”

अण्णा मटकन खाली बसले. खाटेवर नाही, जमिनीवर. जन्मभर प्रत्येक गाडीला जाताना ते त्या उंबऱ्यात तोच एक शब्द बोलून गेले होते, आणि आत ही बाई त्या शब्दाला बांधून बसली होती. तेल लागलेले दोन्ही हात त्यांनी पालथे धरले होते, जसे काही कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं मला. त्यांचा काय दोष? आणि आईंचा तरी काय?

“अहो, बघा,” आई एकदम म्हणाल्या.

जमीन संपली होती. समोर आडव्या रेघा, पार कडेपर्यंत, आणि त्या हळूहळू हलत होत्या.

“हाच का गं?”

“हाच असणार.”

“पुढे?”

“पुढे जाता येत नसेल.”

“नको. बघू दे.”

आम्ही चौघं बघत बसलो. काही वाजलं नाही, शाबास म्हणून अक्षरं आली नाहीत. आईंनी बटणावरचं बोट काढलं. ते पांढरं पडलं होतं, त्यांनी ते दुसऱ्या हाताने चोळलं. मग गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि पोह्यांना कांदा चिरायला घेतला. चिरता चिरता म्हणाल्या, “कुंदा, त्या जबलपूरवाल्यांना लिहून टाक. येतेय म्हणावं.”

“पण आई,” दिवाकर म्हणाले, “तू तर त्या दिवशी नाही म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते. बूट काढ आधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पिशवी घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सवयीचा शब्द गळ्यात अडकला होता. बराच वेळ चुळबुळ करून त्यांनी आत वळून विचारलं, “जाऊ का?” आमच्या घरात अण्णांनी असं विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. “विचारता काय, जा,” आई म्हणाल्या, आणि ते कोपऱ्यावरून वळायच्या आत या चपला घालून नेहेतेकाकूंकडे निघून गेल्या. दार उघडं टाकून!

माझी जायची तयारी झाली. जाण्याआधी आईंनी माझ्याकडून एकच गोष्ट शिकून घेतली, कॅसेट लावायला. वायर कुठली कुठे, आवाज किती मोठा ठेवायचा, किंचाळायला लागली की घाबरायचं नाही. पुन्हा पुन्हा चुकायच्या, पुन्हा पुन्हा लावायच्या.

गाडी संध्याकाळची होती. दिवाकर बॅग घेऊन अंगणात उभे. आईंनी मला कुंकू लावलं, तळहातावर दही ठेवलं. मी ते चाटलं, वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, “येते, आई.”

त्यांनी पाय मागे घेतले. “काय म्हणालीस?”

मला वाटलं, काही चुकलं. “येते म्हटलं.”

“जाते म्हण.”

“अगं ए!” अण्णा खुर्चीतून उठलेच. “निघायच्या वेळी काय अभद्र बोलतेस? पोरगी परगावी चाललीय!”

“जाते म्हण, कुंदा.”

 लहानपणी एकदा तो शब्द बोलले म्हणून आजीने माझ्या तोंडावर चापट मारली होती. घरातून जाताना ‘जाते’ म्हणतो तो परत येत नाही, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं. अंगणातून दिवाकर म्हणाले, “आई, गाडी चुकेल.” आई दारातून हलेनात. दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या.

“आई, असं काय करता? मला रडू येतंय.”

“येऊ दे. तू येते म्हणालीस, की मी इथं बसले,” त्या म्हणाल्या, आणि तो पोलादी आवाज पहिल्यांदा कापला. “नऊ महिने मी या दाराकडे बघत बसेन. मला तेवढंच येतं गं. मला आता नाही कुणाची वाट बघायची. यायचं तेव्हा ये, घर तुझंच आहे. पण मला बांधून जाऊ नकोस.”

अण्णांनी मान खाली घातली. मी आईंकडे बघितलं. त्या बाईला मी महिनाभर मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं! आणि तीच आता हात पसरून माझ्याकडे एक शब्द मागत होती, आणि तो माझ्या तोंडातून निघत नव्हता.

“जाते,” मी म्हटलं. कसंबसं, घशातल्या घशात.

“मोठ्याने.”

“जाते, आई!”

“जा,” त्या म्हणाल्या, आणि चौकटीवरचे हात काढले.

अंगण ओलांडलं, फाटक ओलांडलं. डोळ्यांतून धार लागलेली, समोरचं दिसत नव्हतं. कोपऱ्यावर आल्यावर राहवलं नाही, मी थांबून मागे वळले. ऐन दिवेलागणीची वेळ होती. घरांच्या सगळ्या लाइनीत खिडक्या उजळल्या होत्या, आणि आमच्या दारात कुणी उभं नव्हतं.  एवढं म्हणायला लावलं, आणि निदान दारात तरी?

आणि तेवढ्यात आमच्या घरातून ती कॅसेट किंचाळायला लागली. पहिल्या फटक्यात लागली होती. नेहेतेकाकूंच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं. मी तिथंच रस्त्यात उभी राहून ऐकत होते, ती मधेच अडखळते का म्हणून. नाही अडखळली.

दिवाकरांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. “चल,” ते म्हणाले, “गाडी लागली असेल.”